थंड टोकाची जागा

माझ्याकडे येते ती बहुतेक कुरकुरच असते.
कॉफी गंजल्यासारखी लागते,
स्टायनार सकाळी मान वर करत नाही,
फ्रिजमधलं दही कुणीतरी खाल्लं
आणि वर चमचा तसाच ठेवला.
मी ऐकते. बुटातलं पाणी ओतता ओतता ऐकते.
सव्वीस वर्षं कॉड कापतेय नॉर्वेच्या या वरच्या बेटावर,
त्यातली नऊ युनियनची प्रतिनिधी म्हणून,
आणि एवढं कळलंय,
कुरकुरणारा माणूस अजून इथला असतो.
गप्प झालेल्याकडे बघावं.

दाइवा गप्प झाली नोव्हेंबरात,
सूर्य दोन महिने रजेवर जातो तेव्हा
(त्याला कुणी विचारत नाही पगारी की बिनपगारी).
कपडे बदलायच्या खोलीत हातमोजे काढून
ती बोटं काखेत दाबून बसायची.
तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी.
काय गं? म्हटलं.
काही नाही, थंडी आहे.
थंडी तर सगळ्यांनाच आहे,
असं मी म्हणणार होते.
रान्हिल्डला हेच म्हटलं होतं मी,
पुढच्या सोमवारी ती आलीच नाही.
तिचे पिवळे बूट अजून कपाटाखाली आहेत,
माप सदतीस,
कुणाच्याच पायाला होत नाहीत.

म्हणून विचारलं, केव्हापासून?
किती तास? कुठं उभं करतात?
कोण सांगतं, आणि नेमकं काय म्हणून सांगतं?
बर्फ पडतो त्या घसरणीखाली, ती म्हणाली, शेवटची जागा.
आधी आळीपाळीनं असायची. आता रोज माझी.
कधीपासून ते आठवेना.
मग आठवलं.
मुलाच्या पोहण्याच्या परीक्षेसाठी
एका रविवारी तिनं जादा पाळीला नाही म्हटलं होतं,
त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

लिहून काढ. तुझ्या भाषेत लिही, माझ्या नको.
तिनं माशांच्या खोक्याचं झाकण फाडलं.
एकोणीस तारखा.
लिथुआनियातले आकडे आमच्यासारखेच निघाले.

त्या रात्री पाळ्यांचे जुने तक्ते काढून बसले.
रविवारला नाही म्हणालेल्या चौघी,
आणि चौघीही पुढं बर्फाखाली.
प्रत्येकीला वाटलेलं, माझंच नशीब,
माझेच हात नाजूक.
चार नशिबं एकाखाली एक लिहून पाहिली.
तक्ता झाला.

तो चिडेल, दाइवा म्हणाली.
चिडेल, मी म्हटलं.
मी शेजारच्या खुर्चीवर असेन,
आणि करारातलं सातवं कलम माझ्या खिशात.
याहून जास्त माझ्याकडे नाही.
लोकांना वाटतं मला मोठ्यानं बोलायचं धाडस आहे.
खरं तर यंत्रांनी डावा कान नेला, म्हणून आवाज चढतो.
त्याची दाद मी कधी मागितली नाही.
दुसऱ्यांना शिकवते तेवढी शहाणी मी नव्हते.

गुरुवारी दहा वाजता, ऑफिसात.
ऑइविन हसला, अगं तोर्बयॉर्ग, एवढ्याशासाठी?
मी झाकण टेबलावर ठेवलं. माशाचा वास होता त्याला.
त्यानं वरून खाली वाचलं,
मग खालून वर.
एरवी कॉफी विचारतो, त्या दिवशी विसरला.

निकाल यायचाय अजून.
शहरातून कुणीतरी येऊन मोजमाप करणार आहे.
जागा सध्या फिरती केलीय, भिंतीवरच्या कागदात तरी.
तिचं मधलं बोट अजून वाकत नाही नीट.

पण काल जेवणाच्या सुट्टीत
दाइवानं कपात पाहिलं, तोंड वाकडं केलं,
आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली,
ही कॉफी आहे की बूट धुतलेलं पाणी?

मला उजव्या कानानं नीट ऐकू आलं.
मी आणखी एक कप ओतून घेतला.